मधे कोण उभं राहणार?

नेरिसा : खांदे पाड. फोटो काढायचाय, इंजिन उचलायचं नाहीये.

जेर्सन : माझे खांदे असेच आहेत गं.

नेरिसा : मग असे नकोत. हिरोचे हवेत. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली. हनुवटी जरा वर. आता माझ्याकडे बघ. अरे देवा! बॅचॉय खाऊन पैसे न देता निघालेल्या माणसासारखा काय बघतोस?

जेर्सन : ती झाडूवाली बाई हसतेय आपल्याला.

नेरिसा : हसू दे बापडीला. रविवारी पहाटे काये रिआलवर हसायला दुसरं आहे कोण? फोटोवाली डिव्हाइन म्हणाली, ऊन वर येईपर्यंत रस्ता आपला. मग बाजाराच्या जीपन्या सुरू झाल्या की फोटोत नुसता धूर. म्हणून आज रंगीत तालीम आणि पुढच्या रविवारी खरे फोटो.

जेर्सन : आणि त्यानंतर लगेच मी मनिलाला. तिथून जहाजावर.

नेरिसा : ते आत्ता काढू नकोस. आत्ता तू जुन्या सिनेमातला हिरो आहेस. कळलं? पहिला फोटो इथेच, एस्त्रेया थिएटरच्या पायऱ्यांवर. मी हातमागावरच्या हाब्लोनच्या पिवळ्या झग्यात, फुगीर बाह्यांच्या. तू या पांढऱ्या कोटात. पोस्टरवरून उतरून थेट रस्त्यावर आलेले दोघं. मागे मोठा फ्लेक्स, त्यावर आपलेच चेहरे, सिनेमाच्या जाहिरातीसारखे. दुसरा फोटो तिकिटाच्या खिडकीत. मी आत, तू बाहेर, हातात शेंगदाण्याची पुडी.

जेर्सन : खिडकीत जुन्या कपड्यांच्या दुकानाचे हँगर लटकतायत.

नेरिसा : दुकानवाल्या बाईंशी बोलले मी. त्या दिवशी हँगर काढून ठेवणार आहेत. थिएटर बंद पडून किती वर्षं झाली, पण खिडकीचं पितळ अजून त्या घासून ठेवतात. तिसरा फोटो...

जेर्सन : हां, तिसरा. आठवडाभर तू तिसऱ्याचं नावच काढत नाहीयेस.

नेरिसा : तिसरा तातय आल्यावर सांगते.

जेर्सन : तातय? ते येणारेत? इथे? आत्ता?

नेरिसा : जीपनीत बसलेसुद्धा असतील.

जेर्सन : तुझे वडील, आपल्या फोटोसाठी, पहाटे उठून! बरी आहेस ना?

नेरिसा : फोटोसाठी म्हणून कुठे बोलावलंय? म्हटलं, एक बोर्ड रंगवायचं काम आहे, जागा बघायला या.

जेर्सन : म्हणजे थाप मारलीस.

नेरिसा : मग काय करू? माझ्या घरी तुझे आई-वडील मागणी घालायला आले, सोबत आख्खं भाजलेलं डुक्कर, केक, कोकची खोकी. आणि माझा बाप काय म्हणाला? काही नाही! सगळ्यांना बसा म्हणाला, खा म्हणाला, आणि मागच्या दाराने कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. अंधार पडेपर्यंत दाणे टाकत होता. कोंबड्या फुटायच्या राहिल्या.

जेर्सन : आई अजून विचारते मला. म्हणते, त्यांनी हो म्हटलं का नाही म्हटलं, आम्हाला काही समजलंच नाही.

नेरिसा : मला तरी कुठे समजलं? आणि ऐक, आता स्पष्टच सांगते. तातयनी हो म्हटल्याशिवाय मी हे फोटो काढणार नाही. त्यांच्या तोंडून हो न ऐकता तू जहाजावर गेलास ना, तर औषधाच्या दुकानात उभी राहून मी रोज नुसते दिवस मोजत बसेन, आणि कशासाठी मोजतेय तेही मला सांगता येणार नाही. मला आई नाही, जेर्सन. एवढा एकच माणूस आहे माझा.

जेर्सन : अगं, पण त्यांना मी आवडतच नाही. त्यात तू काय करणार? रस्त्यावरच्या पोराला ते लाडाने 'तोतो' म्हणतात, बाळा म्हणावं तसं. जीपनीच्या क्लीनरला 'तोतो'. पाव विकणाऱ्याला, परवा भिंतीवर गिचमिड करणाऱ्या त्या कार्ट्याला सुद्धा 'ए तोतो, तसा ब्रश धरत नाहीत'. आणि मला? 'साहेब.' 'काय साहेब, कधी निघणार?' दारात पाऊल टाकलं की कधी निघणार!

नेरिसा : तो त्यांचा स्वभाव आहे.

जेर्सन : त्यांच्या खोलीचं छत गळतं. मी म्हटलं, तियो, मी पत्रा बदलून देतो. तर झाडू घेऊन माझ्या मागे धावले! हा पण स्वभाव?

नेरिसा : ते मात्र मलाही कळलेलं नाही. गप, आले बघ. त्या निळ्या जीपनीतून उतरतायत. खांदे पाड!

तातय : कुठाय?

नेरिसा : सुप्रभात तातय. आशीर्वाद द्या.

तातय : देव भलं करो. बोर्ड कुठाय?

नेरिसा : आधी कॉफी घ्या. गरम पानदेसाल पाव पण आणलेत, तुम्हाला आवडतात तसे कडक भाजलेले.

तातय : कडक भाजलेले म्हणजे लाच आहे ही. इंदाय, पोरी, बोर्ड कुठाय? आणि हे काय? अहो साहेब! वर पांढरा कोट आणि खाली हाफपँट? तुमच्या जहाजावर असाच गणवेश असतो होय?

जेर्सन : सुप्रभात तियो. कोट भाड्याचा आहे. पँट पुढच्या रविवारी मिळणार.

तातय : छान. एका रविवारी वरचा माणूस, दुसऱ्या रविवारी खालचा.

नेरिसा : तातय, बोर्ड-बिर्ड काही नाही. मी थाप मारली. आमच्या लग्नाआधीच्या फोटोंची तयारी चाललीय. रागवा, पण इथेच उभं राहून रागवा, घरी जाऊ नका.

तातय : मला माहीत होतं.

नेरिसा : माहीत होतं?

तातय : बंद थिएटरला बोर्ड कोण लावतो? म्हातारा झालोय, खुळा नाही झालो. ती कॉफी दे इकडे.

जेर्सन : मग आलात कशाला, तियो?

तातय : सहज. रविवारी कोंबड्यासुद्धा उशिरा उठतात, बोलायला कुणी नसतं. बरं, काय करताय तुम्ही? हा असा एक पाय वर का उभा आहे? कुत्र्यासारखा?

नेरिसा : हिरोसारखा! जुन्या सिनेमाच्या पोस्टरवर असतात तसा. तुम्हीच तर रंगवायचात ना, या पायऱ्यांच्या वर, एवढाले चेहरे. मला वाटलं, तसेच फोटो काढावेत. मागे फ्लेक्स लावून.

तातय : काय लावून?

नेरिसा : फ्लेक्स.

तातय : या जागेवर? माझ्या जागेवर फ्लेक्स? इंदाय, फ्लेक्सने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि मला जीपन्यांवर मेरीमाता आणि घोडे रंगवायला लावलं. आणि तू इथे फ्लेक्स टांगणार?

नेरिसा : तुम्ही रंगवून दिलं असतं तर नसता टांगला! विचारलं तेव्हा काय म्हणालात? हात थरथरतो.

तातय : थरथरतोच.

नेरिसा : घोडे रंगवताना नाही थरथरत?

तातय : घोड्याचा पाय थरथरला तर तो पळतोय असं वाटतं. माणसाच्या नाकाचं तसं नाही. आणि ही हिरोईन डावीकडे का उभी? सकाळचं ऊन नदीकडून येतं, तुझ्या तोंडावर सावली पडेल. इकडे ये. साहेब, तुम्ही दोन पायऱ्या खाली. अजून एक. उंच माणूस वर उभा राहिला की तोच दिसतो, पोरगी बाहुलीसारखी दिसते. हां. आता तिच्याकडे बघू नका.

जेर्सन : मग कुठे बघू?

तातय : रस्त्याकडे. तुम्हाला निघायचंय, गाडी आलीय, आणि पाय उचलत नाही. तेवढंच तोंडावर आणा, बाकी काही करू नका.

नेरिसा : अगं बाई! जेर्सन, हलू नकोस. तातय, बघा, आता कुठे हिरो दिसायला लागला.

तातय : यात त्याला काही करावं लागलं नाही. ते तसंच असतं त्याच्या तोंडावर.

नेरिसा : तुम्ही बघता त्याच्या तोंडाकडे?

तातय : रंगारी आहे मी. सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतो. कॉफी गोड झालीय.

नेरिसा : तातय, आता तुम्ही एवढे आलात, एवढं सांगितलंत, तर तिसरा फोटो दाखवते. याला पण अजून दाखवला नाहीये. हा बघा. हा मूळ फोटो. तसाच्या तसा पुन्हा काढायचा, याच पायऱ्यांवर. तुम्ही इथे, मी इथे, आणि मधे जेर्सन.

(तातय फोटो हातात घेतो.)

जेर्सन : ही तू? दात पडलेली?

नेरिसा : हो. मधे आई. तातयचे केस बघ, केवढे! लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचे. तेव्हाचे तिघं आणि आत्ताचे तिघं. तातय, कशी आहे कल्पना? तातय?

तातय : नको.

नेरिसा : अहो, काय नको?

तातय : हा फोटो नको. बाकी काय काढायचे ते काढा. मी निघतो.

नेरिसा : निघतो काय? तातय! याच्यासाठीच तर सगळा घाट घातला मी!

तातय : मग दुसरा घाल. हा कुठे मिळाला तुला?

नेरिसा : आईच्या शिवणाच्या डब्यात होता. तातय, थांबा. झालं तेवढं पुरे झालं. त्या दिवशी कोंबड्यांकडे गेलात, आज जीपनीकडे निघालात. आज मी जाऊ देणार नाही. तुम्हाला हा पसंत नाही, असंच ना? तर तसं म्हणा. याच्यासमोर म्हणा. जहाजावरचा माणूस नको, वर्षातले चार दिवस घरी असणारा जावई नको, म्हणा! पण हो नाही आणि नाही नाही, असं मला लटकत ठेवू नका. मी रोज रात्री... जाऊ दे. मला रडवू नका भर रस्त्यात.

जेर्सन : नेरिसा, राहू दे. तियो, माझं ऐका. तो फोटो तुम्ही बापलेकच काढा. मी नको त्यात. मी बाजूला उभा राहतो, कोट धरून. खरंच मला काही वाटणार नाही.

तातय : तू गप रे! बाजूला कशाला उभा राहतोस? बाजूला उभा राहायला तुला कुणी सांगितलं?

जेर्सन : तुम्हालाच मी नको आहे ना फोटोत?

तातय : मधे नको! मधे नको आहेस, गाढवा! तिघांच्या फोटोत मधला आधी जातो, हे तुझ्या आईने तुला शिकवलं नाही? आणि ही शहाणी मधे कुणाला उभी करतेय? जो आठवड्याने समुद्रावर जाणार त्याला! त्या काळ्या पाण्यावर, त्या इंजिनच्या खोलीत! अजून लग्नाचा पत्ता नाही आणि पोराला आधीच मधे उभा करून मोकळी!

नेरिसा : तातय...

तातय : तातय तातय काय? बघ की फोटोत. मधे कोण आहे, बघ.

नेरिसा : आई आहे.

तातय : मग?

नेरिसा : आईची किडनी गेली होती, तातय. डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोटोमुळे कुणी...

तातय : डॉक्टर काय म्हणाला ते मला तुझ्यापेक्षा पाठ आहे. त्याचं खोटं आहे असं मी कधी म्हटलंय? पण डॉक्टर बोलतो ते कानात राहतं, आणि हे डोळ्यांत राहतं, त्याला मी काय करू? त्या दिवशी तुझा वाढदिवस होता. फोटोवाला म्हणाला, तिघं आहात, चौथं कुणी घ्या, तो शेंगदाणेवाला घ्या. तर रेमी म्हणाली, माझ्या घरच्या फोटोत परका कशाला? आणि हसत हसत आपली आपणच मधे शिरली. बघ, हसतेय अजून. दुसऱ्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला ती नव्हती.

नेरिसा : मला हे कधी कुणी सांगितलंच नाही.

तातय : काय सांगायचं? लोक हसले असते.

नेरिसा : मला वाटलं, आईची जागा रिकामी नको दिसायला. म्हणून याला मधे... तातय, माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो.

तातय : माहितेय मला. रडू नकोस. झाडूवाली बघतेय.

जेर्सन : तियो, एक विचारू? रागावू नका.

तातय : विचार.

जेर्सन : म्हणजे मी समुद्रात बुडू नये, म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडताय?

तातय : मग काय, तू बुडावास म्हणून ओरडू?

नेरिसा : एक मिनिट. तातय, थांबा. मागे हा जेवता जेवता उठला होता, एजन्सीचा फोन आला आणि भर पावसात मोटरसायकल काढून गेला. तेव्हा तुम्ही तुमचं ताट फिरवलंत. मी पाहिलं होतं. मला वाटलं माशाचा काटा काढताय. ते तुम्ही याच्यासाठी फिरवलंत? हा नीट पोचावा म्हणून?

तातय : हाताला सवय असते.

नेरिसा : घरच्या माणसासाठी फिरवतात ते.

तातय : कुणासाठी पण फिरवतात. भात गार होत होता म्हणून फिरवलं.

जेर्सन : आणि मला कळूच दिलं नाहीत. तियो, त्या झाडूने माझ्या पाठीवर वळ उठला होता.

तातय : छताला हात लावायला निघालास म्हणून. विचारल्याशिवाय माणसाच्या छताला हात लावतात का?

जेर्सन : विचारूनच लावणार होतो. तुम्हीच म्हणायचात ना, तुमच्या काळी मुलगा मुलीच्या घरी राबायचा. लाकडं फोडायचा, पाणी भरायचा. आता नळ आलाय, गॅस आलाय. मला वाटलं, छत तरी दुरुस्त करावं. दुसरं काय करणार मी? मला फक्त नटबोल्ट येतात.

तातय : हं.

नेरिसा : तातय, पावसाळ्यात तुमच्या अंथरुणावर पाणी पडतं. तुम्ही बादली लावून झोपता, पण त्या छताला कुणाला हात लावू देत नाही. सगळ्या घरात नुसतं प्लायवूड आणि तुमच्या खोलीत त्यावर चटई ठोकलेली. मी लहानपणापासून बघतेय.

तातय : ते असू दे. आता या फोटोचं काय करायचं ते बोला.

जेर्सन : सोपं आहे. चौथा माणूस आणू. तीनचे चार झाले की मधला कुणी राहतच नाही. झाडूवाल्या बाईला बोलवू? मगापासून एवढी हसतेय, फोटोत छान हसेल.

नेरिसा : डिव्हाइनचा नवरा येईल ना दिवा धरायला. त्याला उभा करू.

तातय : डिव्हाइनचा नवरा तुझ्या लग्नाच्या दारात कशाला? रेमी म्हणाली ते बरोबर होतं. घरच्या फोटोत घरचंच माणूस हवं.

नेरिसा : मग आणायचं कुठून, तातय? घरात आहोतच दोघं. हा धरून तीन.

तातय : आहे घरात.

नेरिसा : कोण?

तातय : चौथं माणूस. छताला आहे.

जेर्सन : छताला?

तातय : चटईच्या आत. ही पायरी पुसून घे जरा, बसतो. गुडघे दुखतात. इंदाय, तुझी आई इथे तिकिटं विकायची, एवढं तर माहितेय तुला. त्या खिडकीत. मी वर परांचीवर बसून बोर्ड रंगवायचो, आणि वरून मला फक्त तिचे हात दिसायचे. तिकीट फाडणारे. चेहरा बघायचा तर खाली उतरावं लागायचं, आणि खाली उतरलो की मला बोलता यायचं नाही.

नेरिसा : तुम्हाला? बोलता यायचं नाही?

तातय : साफ मुका व्हायचो. तेव्हा एक सिनेमा आला. पोस्टरवर हिरो, हिरोईन आणि एक खलनायिका. हातात पिस्तूल, तोंडात सिगारेट. मॅनेजर हिरोईनचा चेहरा बारीक तपासायचा. मूळ फोटो शेजारी धरून, नाक मोजून. पण खलनायिकेकडे कोण बघतो? मग मी तिला रेमीचा चेहरा दिला.

नेरिसा : आईला? खलनायिकेचा?

तातय : एवढा मोठा! खाटेएवढी फळी. मान जरा तिरकी, एक भुवई वर, आणि पिस्तूल थेट रस्त्यावर रोखलेलं. मला वाटलं, तिला कळेल. तिला सोडून सगळ्या गावाला कळलं! लोक तिकीट घ्यायला आले की खिडकीत हात वर करून उभे राहायचे. 'बाई, मारू नका, दोनच तिकिटं द्या.' दुपारी जेवायला ती बाहेर आली, वर बघितलं, आणि मग चप्पल काढली.

जेर्सन : मारली?

तातय : फेकली. लागली शेजारच्या शिंप्याला. मॅनेजर म्हणाला, संध्याकाळच्या आत पांढरा मारून दुसरा चेहरा काढ. आम्ही सगळेच तसं करायचो, सिनेमा बदलला की पांढरा हात फिरवायचा आणि त्याच फळीवर नवा. पण ब्रश बुडवला आणि माझा हातच चालेना. म्हटलं, फळी मी घेऊन जातो, दुसरी आणा. रात्री खांद्यावर टाकून, चालत नेली घरी आणि माझ्या खोलीत छताला ठोकली. म्हातारीने विचारलं, ही कोण बाई? म्हटलं, सून.

नेरिसा : आणि आई? आईला कधी कळलं?

तातय : महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, निदान सिगारेट तरी नको होती. म्हटलं, पुढच्या सिनेमात काढतो. ती म्हणाली, पुढच्या सिनेमात माझा चेहरा काढायचा असेल तर आधी माझ्या बापाला भेट. झालं.

जेर्सन : तियो, हे असं तुम्ही मला आधी सांगितलं असतं, तर मी त्या छताला वाकून नमस्कार केला असता.

नेरिसा : एवढी वर्षं आई वर होती आणि मी शेजारच्या खोलीत. तातय, मला दाखवलं का नाहीत?

तातय : ती गेल्यावर बघवेना. पांढराही मारवेना. म्हणून चटई ठोकली. रोज झोपताना वर बघतो, चटईच दिसते, पण आहे हे माहीत असतं. आता पाणी गळायला लागलंय. प्लॅस्टिक अंथरलंय वरून, पण या पावसाळ्यात वाचेल असं वाटत नाही मला. तेच डोक्यात होतं सारखं. आणि हा तेवढ्यात पत्रा उचकटायला निघाला.

नेरिसा : तातय, ती फळी इथे आणायची. या पायऱ्यांवर, आपल्या मागे. फ्लेक्स रद्द!

तातय : फ्लेक्स रद्दच. तो मी काल तुझ्या टेबलावर पाहिला, तुझं नाक वाकडं छापलंय.

नेरिसा : पाहिला? म्हणजे सगळं माहीत असूनच आलात!

तातय : कडक पानदेसाल कोण सोडतं? आता नीट ऐका. फळी मधे नाही ठेवायची. उजवीकडे, म्हणजे पिस्तूल रस्त्याकडे येईल. तिच्या शेजारी मी. मग इंदाय. मग हा.

नेरिसा : म्हणजे तुम्ही उभे राहणार? फोटोत?

तातय : राहीन. मोज ना. रेमी, मी, तू, हा. चार. मधे कुणी नाही. आणि असतं कुणी मधे, तरी तिच्या हातात पिस्तूल आहे, कुणाची हिंमत आहे जवळ यायची?

नेरिसा : तातय, पण अजून तुम्ही ते म्हणालाच नाहीत.

तातय : काय ते?

नेरिसा : हो. याला. लग्नाला. मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. इथे, आईच्या खिडकीसमोर.

तातय : हो.

नेरिसा : हो?

तातय : हो म्हणजे हो. याच्या आईलाही सांगा, त्या डुकराची पाठ फार छान भाजली होती. मी कोंबड्यांकडे उभा राहून दोन वाट्या खाल्ल्या. आणि या वेळी परत येताना चॉकलेटं नको आणूस. तू ये, तेवढं पुरे.

जेर्सन : येतो, तियो. शपथ.

तातय : शपथ नको. इंजिनकडे लक्ष दे. इंदाय, पुरे आता, डोळे पूस, सुजतील. चला, ऊन आलं. तो कोट काढ, घामाने डाग पडेल, भाड्याचा आहे.

जेर्सन : तियो, फळी आणायची कशी? जीपनीच्या टपावर मावेल?

तातय : मावेल. आधी खाली तर उतरवायला हवी. शिडी धरायला येते का तुला?

जेर्सन : शिडी? तियो, जहाजावर मी दिवसभर शिड्याच चढतो!

तातय : मग उद्या सकाळी ये, तोतो. न्याहारी आमच्याकडेच कर. खिळे गंजलेत सगळे, सावकाश काढावे लागतील. तिच्या गालाला ओरखडा नको यायला.